त्या महिन्यात शुक्र मावळलेला होता

उडत्या तबकड्यांत मला काडीचाही रस नाही, हे आधीच सांगून टाकते. परग्रहावरून कोणी यावं की न यावं हा त्यांचा प्रश्न. मी कुंभकोणच्या कोर्टात वकिली करते, आणि माझ्या टेबलावर येणारी भांडणं सगळी याच पृथ्वीवरची असतात: वाटणी, भाडेकरू, बांधावरचा नारळ. तरीही गेली काही वर्षं मी दिल्लीच्या निरनिराळ्या कचेऱ्यांकडे आकाशात दिसलेल्या अनोळखी वस्तूंची माहिती मागत होते. बार रूममधले मित्र वर बोट दाखवून विचारायचे, "आज वरच्या कोर्टात तारीख आहे वाटतं?" विचारू देत. माझे अर्ज तबकडीसाठी नव्हते, माझ्या वडिलांच्या शब्दासाठी होते.

अप्पा भूगोलाचे मास्तर. आता नव्वदी ओलांडली आहे, पण कान आणि हट्ट दोन्ही शाबूत. त्यांच्या शाळेत दुर्बीण वगैरे चैन नव्हती, म्हणून संध्याकाळी ते मुलांना साक्कोट्टैच्या तळ्याच्या बांधावर चालवत नेत आणि उघड्या डोळ्यांनी आकाश शिकवत. शुक्र कोणता, गुरू कोणता, हे या गावातल्या किती घरांत त्यांच्यामुळे ठाऊक झालं असेल याची गणती नाही. म्हणूनच पुढे जे झालं ते इतकं झोंबलं.

मी तेव्हा पाटीवर अक्षरं गिरवण्याच्या वयाची होते. एका संध्याकाळी, सूर्य नुकताच बुडालेला असताना, अप्पा आणि काही मुलं त्या बांधावर उभी होती. दक्षिणेला ताडांच्या वर एक लांबट, निखाऱ्याच्या रंगाची वस्तू दिसली; हलेना की डुलेना. आवाज नाही, धूर नाही. अप्पांनी हात लांब करून बोटांनी तिची उंची मोजली, वारा कुठून येतोय ते पाहिलं. मग ती वाऱ्याच्या विरुद्ध सरकली आणि चढत चढत दिसेनाशी झाली. हे मी त्यांच्या तोंडून लहानपणापासून ऐकत आले, आणि त्यातला एक शब्द इकडचा तिकडे झालेला मला आठवत नाही. उलटतपासणीत टिकणारा साक्षीदार कसा असतो ते धंद्याने मला शिकवलं आहे. अप्पा टिकणारे होते.

सरळ माणूस करील तेच त्यांनी केलं. जे पाहिलं ते लिहून सरकारला कळवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. थोड्याच दिवसांत शाळेच्या आवारात जीप उभी राहिली. साध्या कपड्यांतल्या दोघा साहेबांनी बांधावरच्या मुलांना वेगवेगळं बोलावून विचारलं. घरून दटावून पाठवलेली मुलं ती. सगळ्यांनी सांगितलं, काही दिसलं नाही, असलीच तर चांदणी असेल. मग अप्पांना समज देण्यात आली की लोकांत घबराट पसरवणं शिक्षकाला शोभत नाही, आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी त्यांनी सगळ्या शाळेपुढे सांगायचं की आपण पाहिला तो शुक्र होता.

अप्पांनी सांगितलं. घरात म्हातारे आईवडील, लग्नाची बहीण, माझी आई, मी, आणि कमावता माणूस एकच. आयुष्यभर ज्याने गावाला शुक्र दाखवला त्या माणसाने भरल्या मैदानात कबूल केलं की शुक्र ओळखताना आपला घोटाळा झाला. मुलं हसली. त्यानंतर अप्पांचं नाव पडलं 'वेळ्ळि वात्तियार', म्हणजे शुक्रमास्तर. अजूनही आमचं घर विचारत कुणी आलं तर रिक्षावाला त्याच नावाने आणून सोडतो.

आता यातली खरी गंमत ऐका. त्या महिन्यात शुक्र आकाशात नव्हताच. शुक्राचा अस्त चालू होता. आमच्या घरांत शुक्र मावळलेला असताना लग्नं लागत नाहीत. माझ्या आत्याचं लग्न त्याच पायी लांबलं होतं आणि तिचा शालू ट्रंकेत पडून होता. मी तो रोज उघडून हात फिरवून बघायची, आणि रोज आईचा धपाटा खायची, म्हणून मला पक्कं आठवतं. पंचांग बघणाऱ्या प्रत्येक घराला माहीत होतं की शुक्र सूर्याच्या तेजात बुडालाय. जीपमधल्या साहेबांनी पंचांग उघडलं नव्हतं. आकाशात इतके ग्रह-तारे असताना त्यांनी नेमका नसलेला निवडला.

आणि हे बाहेर येऊन कोण बोललं? कोणीही नाही. आम्ही तंजावूरच्या मराठी राजांच्या काळात इकडे आलेल्यांचे वंशज. उंबऱ्याच्या आत मराठी, उंबऱ्याच्या बाहेर तमिळ, असा आमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. आमच्या सगळ्या नातेवाइकांनी मराठीत हळहळ केली. मास्तरांवर अन्याय झाला म्हणाले, सरकारला अक्कल नाही म्हणाले, आणि चपला घालून बाहेर पडल्यावर तमिळमध्ये ब्र काढला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आजोबा म्हणाल्याचं आई सांगायची. मूठ अप्पांची, आणि सव्वा लाख कुणाचे ते मला आजवर कळलेलं नाही. अप्पांनी मात्र तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला.

त्यानंतर अप्पांनी घरात एक नियम केला. घरी परका माणूस आला की त्याच्यासमोर मराठी बोलायचं नाही. समोरच्याला न कळणाऱ्या भाषेत बोलणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं, असं ते म्हणत. मला हा नियम मुळीच आवडत नसे. बाजारात आईशी मराठीत खलबत करून वांग्याचा भाव पाडण्यात केवढी मजा होती! पण अप्पांपुढे कोणाचं चालतं?

समोरच्या घरात पितळेच्या समयांचा व्यापारी राहतो. सत्तरीच्या घरातला, मुलांवर दुकान सोपवून मोकळा झालेला. त्या संध्याकाळी बांधावर असलेल्या मुलांपैकी तो एक. रोज सकाळी पेपर घेऊन आमच्या तिण्णैवर, म्हणजे दाराबाहेरच्या ओट्यावर, येऊन बसतो, आईच्या वेळेपासून चालत आलेली कॉफी पितो आणि अप्पांची थट्टा करतो. माणूस वाईट नाही. अप्पा आजारी असताना हॉस्पिटलात उशाशी तोच बसला होता. पण एकदा मी त्याला सरळ विचारलं की त्या दिवशी तुम्हाला काय दिसलं, तर डबऱ्यातली, म्हणजे खोल वाटीतली, कॉफी उंचावरून पेल्यात ओतत म्हणाला, "मरंदु पोच्चु, अम्मा." विसरलो. अप्पांनी त्याला कधीच विचारलं नाही.

मग काही वर्षांपूर्वी टीव्हीवर परदेशातले वैमानिक दिसायला लागले. गणवेशातली, जबाबदार माणसं तिकडच्या लोकप्रतिनिधींपुढे शपथेवर सांगत होती की आम्ही आकाशात काहीतरी पाहिलं, ते काय होतं कळलं नाही, आणि आम्हाला गप्प राहायला लावलं. अप्पा आवाज मोठा करून बघत बसायचे. समोरचा व्यापारी म्हणाला, "सार्, तुमचा शुक्र अमेरिकेला पोचला की!" अप्पा हसले. तो गेल्यावर मात्र जे बोलले ते मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "कोण जाणे, अम्मा. मीच चुकलों असेन. अस्क्यांस दिसलें नाहीं, मजला एकल्यासच कसें दिसलें?"

अस्के म्हणजे सगळे; आणि अम्मा म्हणजे मी, इकडे लेकीलाही तसंच म्हणतात. मला भयंकर राग आला. त्यांच्यावर नाही, त्या जीपवर, शाळेवर, आमच्या शालू जपणाऱ्या गोतावळ्यावर. माणसाला खोटं बोलायला लावलं तर एक वेळ सोसता येतं. पण ते खोटं त्याच्या डोळ्यांत जाऊन बसावं आणि म्हातारपणी त्याला स्वतःच्याच नजरेचा भरवसा वाटू नये, हे मी सोसणार नव्हते. अप्पांना त्या वस्तूचं मूळ-कूळ नको होतं. आपण पाहिलं ते खरं होतं, एवढं दुसऱ्या कुणाच्या तोंडून, जिवंतपणी, ऐकायचं होतं.

तेव्हापासून माझे अर्ज सुरू झाले. पहिल्या कचेरीने मला दुसरीकडे पाठवलं, दुसरीने पहिलीकडे. एका माहिती अधिकाऱ्याने तर कळवलं की अशी नोंद आमच्याकडे नाही, आणि असल्यास ती देता येणार नाही. झारीतला शुक्राचार्य तो हाच, आणि योगायोग असा की प्रकरणही शुक्राचंच. मी अपील केलं. 'नाही' आणि 'असल्यास' एका वाक्यात कसे नांदतात ते मला समजावून द्या, असं लिहिलं. त्यांना ते समजावता येईना. शेवटी, जुने अहवाल पुन्हा तपासण्याचं कुठेतरी ठरलं म्हणून, की मी पिच्छा सोडत नाही म्हणून, दिल्लीहून एक अधिकारी अप्पांचं म्हणणं ऐकायला येतो असा निरोप आला.

तो सकाळी आला. चाळिशीचा, नीट भांग पाडलेला, बोलण्यात अदबशीर. अशा खात्यांतले लोक नाव सांगताना जीभ आखडती घेतात. त्याने नुसता हुद्दा सांगितला. आमच्या नावांवरून उत्तरेकडचे लोक आम्हाला तेलुगू समजतात, त्यानेही तेच समजलं असावं. भिंतीवर तंजावूरच्या चित्रातला लोणी खाणारा कृष्ण, टीपॉयवर तमिळ पेपर. त्याने तरी आणखी काय ओळखावं?

अप्पा तमिळमध्ये सांगत होते, मी त्याचं इंग्रजी करून सांगत होते. खरं तर अप्पांचं इंग्रजी माझ्यापेक्षा सरस आहे, पण जी साक्ष तमिळमध्ये मोडली ती तमिळमध्येच देणार, असा त्यांचा हट्ट. अधिकारी मध्ये मध्ये प्रश्न विचारत होता, आणि प्रश्न चांगले होते. ताड किती लांब होते, हात पूर्ण लांब केला होता का, वारा अंगावर कुठून लागत होता. सगळं झाल्यावर अप्पांनी एकच विचारलं: मी पाहिलं ते खरं होतं ना?

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग इंग्रजीत, पाठ केल्यासारखं म्हणाला की या टप्प्यावर मला मत देता येणार नाही. मला ते तमिळमध्ये सांगायची गरज पडली नाही. अप्पांनी मान खाली घातली.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. माफ करा म्हणून तो तिण्णैवर गेला. खिडकी उघडी होती. आणि तिथे उभा राहून, परमुलुखात आपल्याला कोण समजणार अशा बिनघोर आवाजात, तो स्वच्छ पुणेरी मराठीत बोलायला लागला.

"हो सर, झालं. नाही, म्हातारा खोटं बोलत नाहीये. दिशा, उंची, वेळ, सगळं आपल्या नोंदीशी जुळतंय. त्या संध्याकाळी तिथे काहीतरी होतं हे आपल्याच कागदांत आहे ना? आणि शुक्र तर त्या महिन्यात दिसतच नव्हता, कुणी ठरवलं होतं हे, देव जाणे... नाही नाही, त्यांना काही बोललो नाही. अहवालात पुरेशी माहिती नाही असंच टाकतो."

मी खुर्चीतून उठले ती माझ्याही नकळत. माझ्यातली वकीलबाई एव्हाना दिल्लीला पोचली होती: हे वाक्य शपथपत्रात कसं घालायचं, याला साक्षीदार म्हणून कसा ओढायचा, उद्या कोणकोणते पेपर हे छापतील. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही, आणि आमच्याकडे तर ते खिडकीतून आत येऊन फुटलं होतं. अप्पांनी माझा हात धरला. "उगी रहा," म्हणाले. "त्याचें घर त्या पगारावर चालतें." मग काठी घेऊन ते स्वतःच बाहेर गेले, त्यांच्यामागून मी.

"साहेब," अप्पा म्हणाले, "कापी निवली. दुसरी कराया सांगूं काय?"

फोन खिशात ठेवता ठेवता तो जागच्या जागी थिजला. इतकं पांढरं पडलेलं तोंड मी फक्त निकालाच्या दिवशी आरोपीच्या पिंजऱ्यात पाहिलंय.

"तुम्ही... मराठी?"

"राजांच्या काळांतून हेथेंच अस्तों. भिऊं नका. तुम्हीं मजला कांहीं सांगिटलें नाहीं. तुम्हीं फोनास सांगिटलें."

तो ओट्यावर मटकन बसला. थोड्या वेळाने माझ्याकडे वळला. "ताई, तुम्ही वकील आहात. आता काय करणार?"

"ते अप्पा ठरवतील," मी म्हणाले. हे म्हणताना मला फार जड गेलं, पण खटला त्यांचा होता.

मग तो मोकळेपणाने बोलला, मराठीत. ते काय होतं हे आम्हालाही माहीत नाही, म्हणाला. लपवण्यासारखं बहुतेक वेळा एवढंच असतं, की आम्हाला माहीत नाही. सरकारला ते म्हणवत नाही, म्हणून मग शुक्र, फुगा, वीज, काहीही चालतं. अप्पांचे दोन्ही हात धरून तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही पाहिलंत ते खरं होतं. मी लेखी देऊ शकत नाही. पण खरं होतं."

मला वाटलं, संपलं. माझे डोळे भरून आले होते. पण अप्पांचं समाधान झालेलं दिसेना.

"हें तुम्हीं मराठींत सांगिटलें," ते म्हणाले. "मराठींतलें घरांत राहातें. आमच्या लोकांनीं अस्कें मराठींतच जाणिलें होतें, काय उपेग झाला? मजला लबाड ठरविलें तें तमिळांत. तमिळांत सांगा."

"मला तमिळ येत नाही, आजोबा."

"मी देते वाक्य," मी म्हणाले. "माझ्यामागून म्हणा. आणि उद्या कुणी विचारलं तर खुशाल सांगा, न येणाऱ्या भाषेत यजमानांनी काहीतरी म्हणायला लावलं, काय होतं देव जाणे. कुठलंही कोर्ट मान्य करेल."

तो पहिल्यांदा हसला. मग म्हणाला, "नाही ताई. अर्थ सांगा आधी. अर्थ कळल्याशिवाय मी बोलणार नाही." मला तो माणूस तिथे आवडला.

समोरचा व्यापारी नेहमीप्रमाणे पेपर काखेत मारून रस्ता ओलांडून येत होता. अनोळखी पाहुणा बघून पायरीशी थबकला. अप्पांनी त्याला वर यायची खूण केली, पण तो खालीच उभा राहिला. अधिकारी उठला, शर्ट नीट केला आणि माझ्यामागून एकेक शब्द उचलत, अडखळत, पण रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाला, "सार् अन्नैक्कु पार्त्तदु वेळ्ळि इल्लै. अवर् सोन्नदु उण्मै." सरांनी त्या दिवशी पाहिला तो शुक्र नव्हता. ते बोलले ते खरं होतं.

व्यापाऱ्याने मला विचारलं, हे कोण? मी सांगितलं, सरकार.

मला वाटलं आता थट्टा येणार. त्याच्या तोंडावर मला कधी न दिसलेलं काहीतरी आलं. पेपर खाली पडला तो त्याने उचलला नाही. शाळेतली मुलं मास्तरांसमोर बांधतात तसे त्याने दोन्ही हात छातीशी बांधले, आणि जमिनीकडे बघत पुटपुटला, "तेरियुम् सार्. नानुम् पार्त्तेन्." माहीत आहे सर. मीही पाहिलं होतं.

आता अप्पा रागावतील की रडतील मला समजेना. त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि ताठ उभे राहिले.

"सत्तमा सोल्लु," ते म्हणाले. मोठ्याने सांग.

तो सत्तरीचा माणूस हात बांधूनच रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि ओरडून म्हणाला की मीही पाहिलं होतं. फुलवालीने मान वर केली, दुधाची सायकल थांबली, शेजारच्या खिडक्या उघडल्या. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. अप्पांनी मान हलवली, आणि आपल्या शेजारची जागा पंच्याने पुसून त्याला बसायला सांगितलं.